मे महिना, १४ मुलं, ८ मोठी माणसं आणि एक गच्ची: मोठ्या घरातल्या सुट्टीची मापं (इंदूर)

रामबागकर

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात इंदूरच्या घरी सगळी चुलत, आते, मामे भावंडं मुलांसकट आठ दिवस जमणार आहेत. एकूण २२ डोकी: १४ मुलं (वय ५ ते १५) आणि ८ मोठी माणसं. घर जुनं, दुमजली. वर २० बाय ३० फुटांची गच्ची, मागे अंगण, पुढे ओटला. स्वयंपाकघरात दोनच शेगड्या.

पूर्वी वाड्यात पंचवीस-तीस माणसांची सुट्टी बिनबोभाट पार पडायची, कारण मापं आणि पाळ्या ठरलेल्या असायच्या. कुठलं पातेलं काढायचं, पोहे किती भिजवायचे, गच्चीवर पाणी किती वाजता मारायचं, पहिल्या पंगतीला कोण. हे कुणी वहीत लिहिलं नाही. आजी, आत्या, मोठ्या काकू यांच्या हातात ते होतं, आणि आता ते हात थकलेत. म्हणून हा धागा. त्या सुट्टीच्या आठवणी सगळ्यांकडेच आहेत, इथे त्यांच्यामागचं माप लिहा: किती घ्यायचं, कशानंतर काय करायचं, कुठे बिघडतं आणि का.

सुरुवात आइस्क्रीमच्या पॉटपासून करूया? माळ्यावर पाच लिटरचा जुना पॉट आहे.

खजुरीबाजार

रामबागकर, फार चांगलं काम काढलंत. पॉटचं लिहिते.

पाच लिटरच्या डब्यात मिश्रण सव्वातीन लिटरच्या वर घालायचं नाही. घोटताना हवा शिरते, मिश्रण फुगतं, आणि डबा काठोकाठ भरला असेल तर झाकणातून वर येतं. एकदा वर आलं की तिथूनच खारं पाणी आत जायला वाट मिळते.

सायीसकट म्हशीचं दूध ३ लिटर घ्या, आटवून सव्वादोन लिटर करा. साखर ४०० ग्रॅम, ती दूध गरम असतानाच. कॉर्नफ्लोर ३ मोठे चमचे, वाटीभर गार दुधात कालवून शेवटच्या उकळीला. नंतर गाळून, पूर्ण निववून, रात्रभर फ्रीजमध्ये. आंब्याचा रस १ लिटर, आणि तो दूध थंडगार झाल्यावरच. कोमट दुधात आंबट रस पडला तर दूध फाटतं, मग कितीही घोटा, चोथा जिभेला लागतोच.

मिश्रण चाखाल तेव्हा नेहमीपेक्षा थोडं जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गारठल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते. मात्र भरमसाट साखर घातली तर गोठतच नाही, तासभर हँडल फिरवूनही लापशीच राहते. साखर फार कमी झाली तर उलट, बर्फाचे खडे.

बर्फ १२ किलो, जाडं मीठ २ किलो. लादी कारखान्यातून आणली की बुराद्यात (लाकडाच्या भुशात) आणि गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची. फोडायची ती गोणपाटाच्या आतच, लाकडी मोगरीने. तुकडे सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान. फार बारीक चुरा झाला तर भराभर वितळून जातो, आणि मोठे ढेकळे डब्याला नीट टेकत नाहीत.

बादलीत डबा बसवा, पंखा (आतली घोटणारी पाती) लावा, झाकण, मग हँडलची पट्टी अडकवा. आता चार बोटं बर्फ, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा चार बोटं बर्फ, असे थर डब्याच्या झाकणाच्या तीन बोटं खालपर्यंत. तिथून वर थर न्यायचाच नाही.

पहिली पाच-सात मिनिटं सावकाश फिरवायचं, मिनिटाला चाळीसेक फेरे. म्हशीच्या दुधात साय भरपूर, मिश्रण पुरतं गार व्हायच्या आत जोरात घुसळलं तर लोण्याच्या कण्या सुटतात आणि टाळूला चिकटतात. हँडल जड लागायला लागलं की मग जोर. एकूण पंचवीस ते तीस मिनिटं. हँडल एका हाताने ओढवेनासं झालं की थांबा, पंखा काढा, आइस्क्रीम दाबून बसवा, झाकणाखाली बटरपेपर, खारं पाणी सोडून देऊन नवा बर्फ आणि मीठ, वर गोणपाट, आणि तासभर हात लावायचा नाही. हा तास चुकवला तर वाटीत घालेपर्यंत पातळ होतं.

२२ जणांना मध्यम वाटी भरून, आणि चार-पाच जणांना दुसऱ्यांदा मिळेल एवढं होतं.

पाटीपेन्सिल

ताई, बादलीच्या बाजूला एक भोक असतं. ते बुच लावून बंद करायचं ना? नाहीतर थंड पाणी वाहून जाईल. आणि मीठ दुप्पट घातलं तर लवकर होईल का?

खजुरीबाजार

बुच अजिबात लावायचं नाही. भोक मुद्दाम त्या उंचीवर असतं. खाऱ्या पाण्याची पातळी झाकणाच्या वर जाऊ नये म्हणून जास्तीचं पाणी तिथून निघून जातं. उलट दर पाच मिनिटांनी काडी घालून बघायचं, बर्फाचा तुकडा अडकून भोक बुजलंय का ते. पॉट बिघडला, आइस्क्रीम खारट झालं, म्हणजे दहापैकी नऊ वेळा हेच भोक बुजलेलं असतं.

मिठाचं: नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो. मीठ पडलं की तो त्याच्याही खाली दहा-बारा अंश जाऊन वितळायला लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. म्हणून वाहणारं पाणी बघून घाबरू नका, बर्फ वितळतोय म्हणूनच दूध गोठतंय. मीठ दुप्पट केलं तर डब्याच्या भिंतीला दूध एकदम कडक चिकटतं, पंखा ते खरवडू शकत नाही, मध्ये दूध पातळच राहतं. सहा भाग बर्फाला एक भाग मीठ, वजनाने. हे सांभाळा.

मांडवीकर

वडोदऱ्याहून. आमच्याकडे पॉटला संचा म्हणतात, गुजराती शेजाऱ्यांकडून आलेला शब्द. एक भर घालते: मुलांना हँडल फिरवायला देताना पहिली दहा मिनिटं सगळ्यात लहान मुलं, मधली दहा मधली, शेवटची मोठी मुलं आणि काका मंडळी. सुरुवातीला हँडल हलकं असतं तेव्हाच लहानांना करता येतं. प्रत्येकाला ५० फेरे, मोठ्याने मोजून. आणि बादलीवर घडी घातलेलं पोतं टाकून एका मुलाला वर बसवायचं, म्हणजे बादली जागची सरकत नाही. ती जागा पाळीपाळीने.

आंबा म्हणाल तर तालाळ्याकडचा केसर मे महिन्यात मिळतो. त्याच्या रसाला साखर ४०० ऐवजी ३५० ग्रॅम पुरे.

रामबागकर

बुचाचं पाटीपेन्सिलने विचारलं ते बरं झालं, इथे तेच होणार होतं. आता वाळवण. १४ मुलं गच्चीवर रिकामी बसवण्यापेक्षा कुरडया घालाव्यात असं मनात आहे.

सोऱ्या

घाला, पण आठ दिवसांच्या मुक्कामात पहिल्याच दिवशी गहू भिजले पाहिजेत, नाहीतर पाहुणे निघाल्यावर चीक तयार होईल.

२ किलो गहू. इंदूरच्या मंडईत लोकवन सहज मिळतो, त्याच्या कुरडया पांढऱ्या होतात. स्वच्छ धुऊन तीन दिवस भिजत, रोज सकाळी पाणी बदलायचं. एक दिवस चुकला तर उग्र वास सुटतो आणि कुरडई तांबूस होते. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. वाटायचं, पाणी घालून फडक्यातून पिळायचं, चोथा पुन्हा एकदा पाण्यात कालवून पिळायचा. सगळं पाणी मोठ्या पातेल्यात रात्रभर स्थिर. पातेलं हलवायचं नाही, मुलांना त्या खोलीत जाऊच देऊ नका. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी घट्ट चीक.

चीक भांड्याने मोजा. एक भांडं चिकाला एक भांडं पाणी. पाण्याला उकळी, त्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. मीठ जेवणातल्यापेक्षा कमीच, कारण वाळून तळल्यावर खारटपणा वाढतो. चीक हाताने ढवळून एकसारखा करून, धार धरून ओतायचा, दुसऱ्याने लाकडी दांड्याने सतत ढवळायचं. हे काम एकट्याचं नाही. गुठळी झाली की सोऱ्याची ताटली बुजते आणि दाबणाऱ्याचे हात दुखतात. मग मंद आचेवर झाकण, दहा मिनिटं वाफ. शिजलेला चीक काचेसारखा झळझळीत दिसतो आणि ओल्या बोटाला चिकटत नाही. पांढरट राहिला असेल तर कच्चा आहे, अशा कुरडया वाळताना तडकतात.

गरम असतानाच दाबायच्या. निवलेला चीक सोऱ्यातून तुटक उतरतो. पहाटे पाचला चूल पेटली पाहिजे म्हणजे आठच्या आत गच्चीवर शेवटची कुरडई पडते आणि दिवसभराचं ऊन मिळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटायच्या, तिसऱ्या दिवशी खळखळ वाजल्या की डब्यात.

मुलांसाठी दोन वाट्या चीक बाजूला काढायला विसरू नका. गरम चीक, वर दूध-साखर. तिखट आवडणाऱ्यांना कच्चं तेल आणि मेतकूट.

जुनी_इंदूर

सोऱ्याताई, पाण्याचं प्रमाण थोडं सांभाळून. रात्रभर ठेवलेल्या चिकावरचं पाणी किती निथळलं त्यावर ते अवलंबून आहे. चीक दह्यासारखा घट्ट असेल तर एकाला सव्वा पाणी लागतं, पातळ असेल तर एकाला एकही जास्त होतं आणि कुरडई वाळल्यावर उचलताना मोडते. पहिला घाणा छोटा करून एक कुरडई ताटलीत घालून बघावी. तार जागेवर उभी राहिली तर बरोबर, पसरली तर पुढच्या घाण्यात पाणी कमी.

सोऱ्या

अगदी बरोबर काका, हे लिहायचं राहिलंच. धन्यवाद.

गच्चीवाला

झोपायची व्यवस्था. माळव्याची रात्र उन्हाळ्यातही उतरत जाते, 'शब-ए-मालवा' उगाच म्हणत नाहीत. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, दिवसा लू असली तरी अकरानंतर वारा गार होतो आणि पहाटे चारला पांघरूण शोधावं लागतं. म्हणून प्रत्येकाच्या उशाशी दोहर किंवा पातळ गोदडी आधीच ठेवायची. अंधारात चौदा मुलांना पांघरुणं वाटत बसलं की सगळीच उठतात.

पाणी दोनदा मारायचं. पहिलं साडेसहाला, ऊन उतरल्यावर. हे पाणी सळसळून वाफ होऊन जातं, फरशीतली पहिली धग निघते. दुसरं साडेसातला, हलकं. आठला फरशी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय सतरंजी टाकायची नाही, ओल खालून गादीत येते. साडेआठला अंथरुणं घालून उघडी ठेवा, दहापर्यंत ती स्वतःच गार होतात. उशीरा घातली तर घरातली ऊब घेऊनच वर येतात.

मुलामागे दोन फूट रुंदी धरा. १४ मुलं एका ओळीत २८ फूट होतात, ३० फुटांच्या बाजूने एक ओळ बसते. पण दोन ओळी, डोक्याला डोकं लावून, जास्त चांगल्या: गोष्ट सांगणारा मध्ये बसला की सगळ्यांना ऐकू जातं. ओळींच्या टोकांना मोठी माणसं, पाच-सहा वर्षांची मुलं मधोमध. जिन्याच्या दाराशी एक मोठं माणूस, कारण झोपेत उठलेलं मूल आधी तिकडेच जातं. मुंडेर (गच्चीचा कठडा) साडेतीन फुटांपेक्षा कमी असेल तर लहानांना गच्चीवर झोपवू नका, यात तडजोड नको.

माठ जिन्याच्या वरच्या पायरीजवळ, ओगराळं आतल्या बाजूला. कंदील किंवा छोटा दिवा जिन्यात, गच्चीवर नाही. गच्ची अंधारी राहिली तर आकाश दिसतं.

पाटीपेन्सिल

आकाशात मुलांना काय दाखवायचं, तेही सांगा दादा.

गच्चीवाला

मे महिन्यात रात्री नऊला उत्तरेकडे सप्तर्षी चांगलेच वर असतात. चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांना, म्हणजे पुलह आणि क्रतू, जोडणारी रेघ क्रतूच्या दिशेने पाचपट वाढवली की ध्रुव. इंदुरातून तो क्षितिजापासून साधारण पावणेतेवीस अंशांवर दिसतो, कारण गावाचं अक्षांशच तेवढं आहे. हात ताठ पुढे धरून मूठ आवळली की एक मूठ सुमारे दहा अंश. म्हणजे क्षितिजावर सव्वादोन मुठी. ध्रुव डोक्यावर असतो असं बऱ्याच मुलांना वाटतं आणि म्हणून सापडत नाही.

सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वळवत नेली की तांबूस पिवळी स्वाती, आणखी पुढे पांढरी चित्रा. दहाच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिक वर येतो, त्यात लालसर ज्येष्ठा. एका रात्री एवढंच. दुसऱ्या रात्री मुलांनी आपल्याला दाखवायचं.

लष्करकर

ग्वाल्हेरचा अनुभव वेगळा आहे, कुणी तिकडे हेच करणार असेल तर म्हणून लिहितो. आमच्याकडची घरं वालुकाश्माची, दगड रात्री बारापर्यंत धग सोडत राहतो. दोनदा पाणी पुरत नाही, तीन वेळा लागतं, आणि सतरंजीखाली बाज असलेली बरी, म्हणजे खालून हवा खेळते.

दुपारसाठी वाळ्याची टट्टी, म्हणजे वाळ्याच्या मुळांचा पडदा. दाराच्या मापाची, पश्चिमेकडच्या दाराला, कारण लू तिकडूनच येते. दर वीस मिनिटांनी वरून पाणी, खालून नाही. समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी पाहिजे, नाहीतर हवा आत येतच नाही आणि खोली नुसती कोंदट होते. कोरड्या हवेतच हिचा उपयोग. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की काढून ठेवायची. नवीन टट्टी पहिल्या दिवशी तासभर भिजवून मगच लावा.

रामबागकर

सगळं वहीत उतरवून घेतोय. आता न्याहारी. दोन शेगड्यांवर २२ जणांचे पोहे गरम कसे राहतील?

खजुरीबाजार

इंदूरची पद्धतच वापरायची, वाफेची. मोठ्या माणसाला ७५ ग्रॅम, मुलाला ५० ग्रॅम कोरडे जाड पोहे. तुमच्या हिशेबाने ६०० आणि ७००, मिळून १,३०० ग्रॅम.

तीन भागांत धुवा. एकदम धुतले तर खालचे लगदा होतात आणि वरचे कडक राहतात. चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या, मग त्यांच्यावरच हळद दोन लहान चमचे, मीठ चार लहान चमचे, साखर ६० ग्रॅम, हलक्या हाताने लावून घ्या. फोडणी दीड वाटी तेलाची: मोहरी, बडीशेप दोन मोठे चमचे, हिरव्या मिरच्या. बडीशेप नसेल तर ते इंदुरी पोहे नाहीत. फोडणीत पोहे फक्त परतायचे, तीन-चार मिनिटं.

मग दुसऱ्या शेगडीवर रुंद पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्याच्यावर पोह्यांचं पातेलं. वर झाकण. पाऊण तास मऊ आणि गरम राहतात, थेट आचेवर ठेवले तर तळाचे करपतात आणि वरचे वातड होतात. कांदा कच्चा, बारीक चिरून वेगळा. शेव, जिरावण, लिंबू, कोथिंबीर वाढताना. शेव आधी मिसळून ठेवली की दहा मिनिटांत मऊ पडते.

जिरावण घरी करायचं तर धणे, जिरं, बडीशेप भाजून, त्यात काळं मीठ, आमचूर, सुंठ, लाल तिखट, हिंग, थोडी लवंग-दालचिनी. आमचूर भाजायचं नाही, शेवटी मिसळायचं. मुलांसाठी तिखट निम्मं घातलेली दुसरी बाटली ठेवा.

जुनी_इंदूर

एका दिवशी दाल-बाफले झालेच पाहिजेत. मोठ्यांना ३, मुलांना २, म्हणजे ५२ बाफले.

जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ १ किलो ७०० ग्रॅम, मक्याचं ३०० ग्रॅम, तूप पाव किलो मोहनाला, ओवा, मीठ, हळद, चिमूटभर सोडा. पीठ घट्ट, मूठ दाबल्यावर मूठ राहिली पाहिजे. बारीक पोळीचं पीठ वापरू नका, बाफले चिवट होतात. लिंबाएवढ्यापेक्षा थोडे मोठे गोळे, मध्ये अंगठ्याने खळगा. तो खळगा केला नाही तर आतून कच्चे राहतात.

हळद घातलेलं पाणी खळखळून उकळल्यावरच सोडायचे, एका वेळी दहा-बारा. कोमट पाण्यात टाकले की फुटतात. वर तरंगल्यावर आणखी पाच-सात मिनिटं, मग कपड्यावर काढून अर्धा तास कोरडे होऊ द्या. हे वाळवणं टाळलं तर वरचं साल रबरासारखं राहतं. बाटी आणि बाफला यात फरकच तो: बाटी सरळ भाजतात, बाफला आधी उकडतात.

गोवऱ्यांचा जाळ पूर्ण विझून निखारे झाले की त्यावर अर्धा-पाऊण तास, उलटत पालटत. ओव्हन असेल तर १८० अंशावर चाळीस मिनिटं. फडक्यात राख झटकून, थोडे फोडून, गरम तुपात. बुडवायला तूप पाऊण किलो धरा. तुरीची डाळ १,१०० ग्रॅम, आंबटगोड. सोबत हिरवी चटणी, कांदा, लिंबू.

त्या दिवशी दुपारी चारपर्यंत दुसरा कार्यक्रम ठेवू नका. आणि रात्री नुसता ताक-भात.

मांडवीकर

रसाचं माप: माणशी दीडशे मिलिलीटर धरलं तर २२ जणांना सव्वातीन लिटर. बदाम आंबा असेल तर साडेसहा किलो, कारण साल-कोय जाऊन वजनाच्या निम्मा रस निघतो. चोखायचे गावठी आंबे असतील तर आठ किलो. दोन तास पाण्यात बुडवून ठेवायचे, देठाचा चीक धुऊन पहिला थेंब पिळून टाकायचा. तोच घशाला खाजरा लागतो.

आंबे पिळायचं काम मुलांना देता येतं, पण तिघांच्या वर नको, आणि कोपरापर्यंत हात धुऊन. रस स्टीलच्या किंवा कल्हईच्या भांड्यात. लोखंडी चाळणीतून काढला तर काळा पडतो. वाढताना साजूक तूप आणि सुंठीची चिमूट. दुपारचा रस संध्याकाळी बाहेर राहिला तर आंबतो, उरेल तो लगेच फ्रीजमध्ये.

लष्करकर

रस आणि उन्हाची पोरं म्हणजे एखाद-दुसऱ्याचं पोट बिघडणारच, ते गृहीत धरा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर सहा सपाट लहान चमचे, मीठ अर्धा सपाट लहान चमचा. शीग लावून घालू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. घोट घोट, थोड्या थोड्या वेळाने. आठ तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल पडलं तर घरी उपाय करत बसायचं नाही, डॉक्टर.

बदाम_सात

दुपारी बारा ते साडेचार मुलं घरात. लू असते, बाहेर सोडायचं नाही. पत्त्यांचे चार जोड घ्या.

१४ मुलं एका डावात बसवू नका, वाट बघण्यातच वेळ जातो आणि लहानं उठून जातात. तीन गट करा. मोठे चार मेंढीकोट. तिघांना पाच-तीन-दोन: अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची २८ पानं, अधिक बदाम आणि इस्पिकची सत्ती, एकूण ३०. आधी पाच-पाच पानं वाटून हुकूम, मग तीन-तीन, मग दोन-दोन. हुकूम बोलणाऱ्याला ५ हात, पिसणाऱ्याला २, तिसऱ्याला ३. कमी पडले तर पुढच्या डावात त्याच्याकडून तेवढी पानं ओढायची.

उरलेल्या सात लहानांना बदाम सात. एका जोडाची ५२ पानं सातांत वाटली तर तिघांना एक-एक पान जास्त जातं आणि त्यावरूनच भांडण होतं. त्या तिघांना आधी खेळायला देऊ नका, एवढा नियम केला की कुरबूर थांबते. ज्याला हातात पानं नीट धरता येत नाहीत त्याला जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची घडी द्या, घडीत पानं उभी राहतात.

साडेपाचनंतर सितोलिया (लगोरी म्हणा). कवेलूचे (कौलाचे) सात चपटे तुकडे, खालचा तळहाताएवढा, वरचा रुपयाएवढा. कडा घासून घ्या, ताज्या फुटलेल्या कवेलूची धार लागते. टेनिसचा जुना चेंडू, कडक रबराचा नको, पाठीत बसतो.

पाटीपेन्सिल

एखादा दिवस बाहेर न्यायचं असेल तर? पातालपाणी?

जुनी_इंदूर

मे महिन्यात पातालपाणीचा धबधबा कोरडा असतो, तो पावसाळ्यात बघायचा. पूर्वी महाराष्ट्रातून येणारे पाहुणे खंडव्याला उतरून छोट्या लाइनने (मीटरगेज रेल्वेने) याच घाटातून यायचे, कालाकुंडला कलाकंद घ्यायचा हे ठरलेलं. मुलांना ते सांगा, पण सहल पावसाळ्यासाठी राखून ठेवा.

आता न्यायचं तर महेश्वर, साधारण ९० किलोमीटर. पहाटे पाचला निघून सातच्या सुमारास घाटावर, अकराच्या आत परतीला. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, लहानांना वरच्या पायरीवर तांब्याने अंघोळ घाला.

सराफ्यात जायचं तर रात्री साडेनऊनंतर, सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात. १४ मुलं एकत्र नेऊ नका. एका मोठ्यामागे चार, प्रत्येक गटाला भेटायची जागा आधी सांगून. आणि गराडू (तळलेला कंद) थंडीतलं खाणं आहे, मे महिन्यात मिळायचं नाही, मुलांना आधीच सांगा म्हणजे रुसवा नको.

रामबागकर

पाण्याची काळजी आहे. नळ एक दिवसाआड.

गच्चीवाला

१९७८ मध्ये नर्मदेचं पाणी यायच्या आधी इंदुरातली मोठी घरं विहिरीवर आणि साठवणीवरच सुट्ट्या काढायची, त्यांचा हिशेब उपयोगी पडेल. माणशी अंघोळीला एक बादली, १५ लिटर. २२ जणांचे ३३० लिटर. पिणं आणि स्वयंपाक माणशी १० लिटर, म्हणजे २२०. भांडी, कपडे, संडास मिळून आणखी हजारेक. दोन दिवसांचं साधारण तीन हजार लिटर हाताशी पाहिजे. टाकी कमी असेल तर आल्या दिवशीच टँकर सांगून ठेवा.

लहान मुलांची अंघोळ अंगणात, झाडाच्या आळ्याजवळ, म्हणजे तेच पाणी झाडाला. गच्चीवर मारायला कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी. साबण राहिलेलं नको, फरशी निसरडी होते. दुपारच्या पंगतीला पळसाच्या पत्रावळी घेतल्या तर भांड्यांचं शंभरेक लिटर वाचतं.

खजुरीबाजार

रामबागकर, पॉटचं एक राहिलं, आणि ते आधी करायचं आहे. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या लाकडी बादलीच्या फळ्या आकसलेल्या असतात. तशीच वापरली तर सगळ्या फटींतून पाणी जाईल. दोन दिवस आधी ती साध्या पाण्याने भरून ठेवा. पहिल्या दिवशी गळेल, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी लाकूड फुगून फटी मिटतात. कडी सैल असेल तर लाकूड फुगल्यावरच हातोडीने हलके ठोकून खाली बसवा, आधी ठोकली तर फळी चिरते.

डबा उजेडासमोर धरून आतून बघा. कुठे सुईएवढं भोक किंवा गंज दिसला तर तो वापरू नका, नवीन स्टीलचा डबा त्याच मापाचा करून घ्या. पंख्याच्या लाकडी पात्या डब्याच्या भिंतीला घासल्या पाहिजेत. मध्ये बोट जाईल एवढी फट असेल तर भिंतीला चिकटलेलं खरवडलं जाणार नाही. दातेरी चक्रांना खायचंच तेल एक-दोन थेंब.

काम झाल्यावर खारं पाणी तुळशीत, कुंडीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचं नाही, मोरीत ओतून वर दोन बादल्या साधं पाणी. चक्रं आणि पट्टी त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवा. मीठ राहिलं तर महिन्याभरात गंज चढतो. बादली मात्र उन्हात वाळवू नका, सावलीतच.